विरळ छप्पर

दादरच्या फुलबाजारात एक गृहस्थ एकेक झावळी डोळ्यांसमोर धरून तिच्यातून आकाश पाहत होते.

"काका, एवढ्या विरळ घेतल्या तर छप्पर गळेल," फुटपाथवर बसून विकणारी बाई म्हणाली.

"गळू दे. आमचा ज्यूंचा सण आहे. आठवडाभर गच्चीवर मांडवात जेवायचं. वर तारे दिसले पाहिजेत."

शेजारी फुलं घेता घेता, आमच्या गणपती मंडळाचा वॉटरप्रूफ, झुंबरवाला मंडप आठवून मी विचारलं, "कशासाठी?"

"पूर्वज वाळवंटात बेघर होते, म्हणून. इतकी वर्षं नुसता नियम पाळला. यंदा बिल्डिंग पाडायची नोटीस आलीय, भाड्याची जागा मिळत नाही. छप्पर नसताना जेवायचं कसं, त्याची ही तालीम होती म्हणायची."

बाईने दोन झावळ्या जादा बांधल्या. "पुढच्या वर्षीपण माझ्याकडेच या."

त्यांनी काळजीने विचारलं, "तू असशील ना इथे?"