मांजरीचं पथ्य

माझे काका घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांच्या घड्याळांत डोकं खुपसून बसलेला माणूस. बोलणं मोजकं, पण एकदा मनात घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत.

काकू दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. पक्षाघाताने उजवी बाजू गेली, वाचाही गेली. समजायचं मात्र सगळं, आणि तेच वाईट. दिवसभर तिला सोबत एका मांजरीची.

त्या मांजरीच्या डोळ्यांतून सारखं पाणी गळायला लागलं. काका घड्याळाच्या काचा पुसायच्या मऊ फडक्याने ते टिपायचे. शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. बाईंनी डोळे नीट तपासले. "जंतू नाहीत. खाण्यातलं काहीतरी सोसत नसेल," त्या म्हणाल्या. "आठ आठवडे हे एकच खाणं द्या. दुसरं चमचाभरसुद्धा नको. मग बघू."

काकांनी मिनिटाचाही फरक न करता पथ्य सुरू केलं. तीन आठवडे झाले तरी पाणी थांबेना. मांजर बाहेर चोरून खाते असं ठरवून त्यांनी खिडक्या लावल्या, शेजाऱ्यांशी उगाच भांडण उकरून काढलं. मग एका दुपारी दुकानातून लवकर घरी आले, तर काकू डाव्या हाताची बोटं आपल्या दुधात बुडवून मांजरीला चाटवत होती. अर्ध्या तोंडाने हसत होती.

"अगं, तूच का ती?" काका ओरडले.

त्या दिवसापासून मांजर बाहेरच्या खोलीत आणि मधलं दार बंद.

"राहू द्या ना काका," मी म्हटलं. "पाणीच तर येतंय."

"मुका जीव आहे तो. त्याला सांगता येत नाही."

काकू तिथेच होती. मला इतका संताप आला की चहा न घेताच निघालो.

पुढच्या आठ आठवड्यांत मांजरीचे डोळे स्वच्छ झाले. काका हरखले. तिला उचलून काकूच्या कुशीत ठेवत म्हणाले, "बघ, बरी झाली तुझी लाडकी." काकूने हात पुढे केला. मांजरीने तो हुंगला, खाली उडी मारली आणि बाहेरच्या खोलीत आपल्या ताटलीपाशी जाऊन बसली.

काका स्वयंपाकघरात गेले, वाटीभर दूध आणलं, स्वतःच काकूची बोटं त्यात बुडवली आणि मांजरीला हाका मारत बसले. ती आली नाही.