असंच होवो

पत्नी गेल्यानंतर माझ्या प्रार्थनेतला एक शब्द गळाला. सकाळी मी गुडघे टेकत होतो, जेवणापूर्वी डोळे मिटत होतो, रविवारी बारामतीतल्या आमच्या चर्चमध्ये नेहमीच्या बाकावर बसून गीतंही म्हणत होतो. शेवटी सगळे ‘आमेन’ म्हणाले की माझे ओठ मात्र मिटलेलेच राहायचे. कुणाच्या ते लक्षात आलं नसावं. मंडळीत मी अबोल, पुस्तकांत रमणारा माणूस म्हणूनच ओळखला जातो. असा माणूस हळू बोलला काय आणि गप्प राहिला काय, सारखंच.

कारण मला ठाऊक होतं, पण ते कुणाला सांगण्यासारखं वाटत नव्हतं. तिच्या आजारपणाच्या शेवटी दवाखान्यात तिचा हात धरून मी प्रार्थना केली होती. ‘हिला बरं कर’ असं म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण देवापुढे आपला हट्ट नसावा, मनात तक्रार नसावी, पवित्र मन म्हणजे असं निवळलेलं मन, हेच मी वर्षानुवर्षं वाचत आलो होतो. म्हणून म्हणालो, ‘प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ ती क्षीण आवाजात आमेन म्हणाली. मीही म्हणालो. पहाटे ती गेली. तेव्हापासून वाटत राहिलं, की आपल्याला काहीतरी विचारलं गेलं आणि आपण हो म्हणून बसलो. हा विचार खुळचट आहे हे कळत होतं. तरी तो जात नव्हता.

अशात चर्चचे पाळकसाहेब घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, “सर, येत्या रविवारी मंडळीची प्रार्थना तुम्ही चालवा.”

“मला नाही जमायचं.”

“जमेल तशी करा. देवाला कुठे व्याकरण तपासायचंय?” ते हसले. “शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगा.”

ते गेले आणि मी बसून राहिलो. प्रार्थना चालवणाऱ्याला आमेन म्हणावंच लागतं. त्याशिवाय मंडळीला डोळे उघडता येत नाहीत. मनात नसताना म्हणायचं, तर ती उपासना कसली? आणि म्हणता येत नसेल, तर दर रविवारी तिथे जाऊन बसायचं तरी कशाला? नाही म्हणून सांगावं आणि चर्चला जाणंही थांबवावं, असं माझ्या मनाने जवळजवळ घेतलं होतं.

शनिवारी सकाळी एसटीने इंदापूरकडे निघालो. शेळगावच्या बाजूला पत्नीचं माहेर. तिथल्या लहानशा दफनभूमीत, वडिलांशेजारी तिला ठेवलं आहे. मातीचा उंचवटा आता बराच बसला होता. मी डोळे मिटून उभा राहिलो. काहीच सुचेना.

“पाद्रीबाबा!”

कुंपणापलीकडे वांग्याचं रान होतं. तिथून एक म्हातारी बाई हात पुसत येत होती.

“मी पाद्री नाही, मावशी.”

“मग पांढरा सदरा घालून डोळं मिटून काय करताय?”

“माझी बायको आहे इथे.”

ती पदर नीट करत म्हणाली, “चुकलं माझं. पर आलाच हायसा तर आमच्या ह्यांच्यासाठी बी दोन शब्द बोला. अंगावरनं वारं गेलंय. एक बाजू हालत न्हाय. बोलाय गेलं तर निसतं डोळ्यांतनं पानी.”

नाही म्हणणं मला जमलं नाही. मी पुन्हा डोळे मिटले आणि सवयीने शब्द येत गेले. तिच्या पतीला धीर मिळो, घरच्यांना शक्ती मिळो, प्रभूची इच्छा पूर्ण होवो. मग थांबलो. डोळे उघडले तर ती हात जोडून तशीच उभी होती.

“झालं?”

“झालं.”

“न्हाय झालं. मौतीला येता तवा शेवटी समदी मिळून काय तरी म्हंता. पार हिरीवरच्या मोटरीपतूर ऐकू येतं.”

“आमेन.” मी नुसता शब्द सांगितला, म्हटला नाही.

“म्हंजी काय?”

“म्हणजे, असंच होवो.”

तिने जोडलेले हात सोडले. “असंच? आवं, असंच कसं? असाच पडून ऱ्हायचा व्हय माझा म्हातारा?”

“तसं नाही, मावशी…”

“तुमी ऱ्हाऊ द्या.” तिने मान वर केली आणि मोठ्याने म्हणाली, “देवा, ह्या पावण्यांचं ऐकू नगंस. शिकल्याली मानसं हायती, कायबी बोलत्यात. त्याला बरं कर!”

मला हसू आलं. पत्नी गेल्यानंतर पहिल्यांदाच. आणि हसता हसता कधी रडू लागलो ते कळलं नाही. ती मग “लाईट आली वाटतं, मोटर लावते” म्हणत निघून गेली.

परतीच्या एसटीत मी गोंधळलेलाच होतो. त्या म्हातारीचा समज चुकीचा होता. त्या शब्दाचा अर्थ तसा नाही. तरी मला वाटत राहिलं, की त्या दोन प्रार्थनांपैकी खरी तिची होती. प्रभूनेही क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री बागेत आधी हा दुःखाचा प्याला नको म्हटलं होतं, घाम गाळून म्हटलं होतं. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ हा होकार मागून आला. कितीदा वाचलं होतं हे! मी मात्र ‘नको’ गिळून टाकलं होतं आणि त्यालाच पवित्रता समजत आलो होतो. तिला कुणी पाठवलं होतं का, मला सांगता येणार नाही. बारामती येण्याआधी पाळकसाहेबांना फोन करून एवढंच म्हणालो, “करतो.”

रविवारी मंडळीसमोर उभा राहिलो. आजारी, वृद्ध, परीक्षेची मुलं, सगळ्यांसाठी मागितलं. शेळगावकडच्या त्या माणसाला बरं कर, असं सरळ म्हणालो. मग म्हणालो, “प्रभू, मला ती हवी होती. तू नेलीस, ते मला आवडलेलं नाही. तरी तुझ्याशिवाय हे सांगायला माझं कुणी नाही.”

मी त्या शब्दाची वाट पाहिली. तो आला, घोगरा, अर्धवट. त्यात होकार किती आणि तक्रार किती, मला आजही निवडून काढता येत नाही. जसा होता तसा तो प्रभूच्या हाती दिला आणि पाठोपाठ मंडळी म्हणाली, “आमेन.”