आबांच्या ओवीसाठी अँप्लिफायर

गिटारला कुठला अँप्लिफायर घ्यावा, असं अजूनही कुणी ना कुणी विचारतं. मी विषय बदलतो. एकदा फार मन लावून निवडला होता, तेवढं पुरे झालं.

नव्वदनंतरची ती चार-पाच वर्षं. मी माळेगावला कारखान्यात वायरमन होतो. पाळी संपवून सायकलवर घरी आलो की पाय नुसते भरून आलेले असायचे, तरी गिटार घेऊन बसायचो. वडील, म्हणजे आमचे आबा, धनगरी ओव्या म्हणायचे. मेंढरं कधीच विकली होती, शेती होती बेताची, पण कुठं जत्रा असली की त्यांना बोलावणं ठरलेलं. पंचविशीतल्या मला त्यांच्या ओवीमागे गिटार वाजवायची हौस. आबांनी ती चालवून घेतली होती, एवढंच.

अडचण अँप्लिफायरची होती. माझा ट्रान्झिस्टरचा होता, त्यातून गिटार पत्रा वाजवल्यासारखी यायची. आबा म्हणायचे, "तुझं वाजंत्र माझ्या गळ्यावर बसतंय." त्यांचा गळा तेव्हा उतरायला लागला होता. साठी ओलांडलेली, दमही पुरत नव्हता. लोकांच्या ते लक्षात येण्याआधी दोन-चार वर्षं धड म्हणता यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. तोंडाने बोलले नाहीत, पण मला कळत होतं.

रेडिओवर परदेशी स्टेशन धरलं की कधीकधी अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांची, गुराख्यांची गाणी लागायची. शब्द कळायचे नाहीत. गिटार मात्र अशी की एकेक तार सुटी ऐकू यावी आणि तरी गाणाऱ्याच्या शब्दाला धक्का लागू नये. मला आबांच्या मागे तसाच आवाज हवा होता. बारामतीतल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तो व्हॉल्व्हचा, जुन्या काचेच्या नळ्यांच्या अँप्लिफायरचा आवाज हाय. नवीन मिळायचा न्हाय. तंबूतल्या सिनेमावाल्यांकडं बगा."

निमगाव केतकीला तसे एक तात्या होते. तंबू बंद करून शेतीला लागलेले. गोठ्याशेजारच्या खोलीत त्यांनी दोन अँप्लिफायर पोत्याखाली झाकून ठेवले होते, एक मोठा चार व्हॉल्व्हचा, एक धाकटा दोनाचा. सोबत लाकडी खोक्यातला स्पीकर. पाळीची सुटी टाकून मी आबांना घेऊन गेलो, कारण कान त्यांचेच खरे.

दुपारची वेळ होती. शेतीची लाईट नुकतीच आलेली, त्यामुळे शिवारातल्या झाडून सगळ्या विहिरींवर मोटारी चालू. खोलीतल्या बल्बची नुसती तार लाल दिसत होती. आमच्याकडे बल्ब तसाच दिसतो, म्हणून त्याचं काही वाटलं नाही. धाकटा लावला तर गिटार घोगरी, घुसमटलेली. मोठा लावला आणि मी थांबलोच. मऊ, गोल आवाज, अगदी रेडिओवरचा. आबांनी डोळे मिटून दोन ओळी म्हटल्या आणि मान डोलावली. "ह्योच घे. ह्यो मला जागा देतोय."

तात्या म्हणाले, "धाकटा बी वाईट न्हाय. पर तुमची मर्जी."

आठ तास कारखान्यात व्होल्टेज मोजणारा मी. मीटर खिशात होता. तो काढून प्लगला लावावा, हे सुचलं नाही. मोठ्याचा तो मऊपणा त्याचा स्वतःचा नव्हता, कमी व्होल्टेजच्या अर्धपोटी लाईटीचा होता, आणि धाकट्याचा घोगरेपणाही तसाच.

मोठाच आणला; घरची लाईटही तसलीच, म्हणून तिथंही तो मऊच वाजला. जत्रा सांगवीकडची. दिवसाउजेडीच कार्यक्रम होता, देवळापुढं मांडव. लाईट गेली म्हणून मंडपवाल्याने जनरेटर लावला. ओवीत एक जण म्हणतो आणि मागचे झील धरतात. त्याच्या ओळीचा शेवट उचलतात, ओढतात, तेवढ्यात म्हणणारा श्वास घेतो. आबांसारख्या थकल्या माणसाला तर तेवढाच आधार. जनरेटरने पोटभर वीज दिली आणि मोठा अँप्लिफायर गुरगुरायला लागला. गिटारचा एकेक ठोका हातोड्यासारखा. मी आवाज कमी केला, तरी घरघर राहिलीच. त्या घरघरीत आबांच्या ओळीचा शेवट मागच्यांना ऐकू जाईना. पहिली झील उशिरा आली, दुसरी चुकीच्या शब्दावर. मी वायर ओढून काढली, पण तोवर तिसरी हुकली होती.

आबा ओळ संपवून तसेच उभे राहिले. मागे कुणी नाही. त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली, पण श्वास पुरला नाही आणि शब्द मध्येच तुटला. मांडवात कुणीतरी हसलं. आबांनी घोंगडं खांद्यावर नीट केलं आणि खाली बसले. पुढची ओवी दुसऱ्या गावच्या माणसाने उचलली. परत येताना टेम्पोत ते माझ्याशी नेहमीसारखंच बोलले, उसाच्या तोडीबद्दल. त्याने मला जास्त मेल्यासारखं झालं. चूक माझी होती आणि लोकांनी ती त्यांच्या गळ्यावर ढकलली.

त्यानंतर बोलावणं आलं की ते तब्येतीचं कारण सांगायचे. मी पुन्हा निमगावला गेलो, मोठा दिला, धाकटा आणला. घरी स्टॅबिलायझर बसवला, मीटर लावून पूर्ण व्होल्टेज बघितलं आणि मगच तार छेडली. स्वच्छ, हलका, सुटा आवाज. मी किती वर्षं शोधत होतो तो. आबा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. मी त्यांची नेहमीची ओवी वाजवली, मध्ये त्यांच्यासाठी जागा सोडत सोडत. हात थांबवून त्यांनी शेवटपर्यंत ऐकली.

"कसा हाय, आबा?"

"चांगला हाय," ते म्हणाले. "ह्याच्यात माझं ऐकू आलं असतं."

"म्हणा की मग. मी झील धरतो."

"आता न्हाय," म्हणाले, आणि पुन्हा शेंगा फोडायला लागले.