मागून पाहणाऱ्याची सही

यासीन शिकलगार कसा माणूस होता, असं कुणी विचारलं तर आकाराम शेलार आधी चष्मा काढून पुसतात आणि मग म्हणतात, "मला काय फार ठावं न्हाई बघा." ते खरंच आहे. अकरा वर्षं दोघं एका पाळीत होते, एकमेकांच्या डब्यातली भाकरी खात होते. पण यासीनला मुली दोन की तीन, हे आकारामअण्णांना त्याच्या मयतीला जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. तो रिकाम्या वेळात काय करायचा, कशाला भ्यायचा, यातलं काही त्यांना सांगता येणार नाही. जे सांगता येतं ते एका सहीपुरतं आहे.

यासीन तासगावचा. बाप ऊसतोडीच्या कोयत्यांना आणि द्राक्षछाटणीच्या कात्र्यांना धार लावायचा. पोरगा आयटीआय होऊन परराज्यातल्या एका अणुवीज केंद्रात तंत्रज्ञ म्हणून लागला. अण्णा तिथे आधीपासून होते. ते मेढ्याचे, यासीनच्या बापाच्या वयाचे. परमुलखात सातारा-सांगलीचा माणूस भेटला की तो घरचाच. अण्णांनी त्याला खोली बघून दिली, खानावळ दाखवली आणि काम शिकवलं.

त्या कामात निम्मा वेळ कागदावर जातो. एखाद्या नळीची दुरुस्ती करायची तर आधी तिच्यातली वाफ तोडायची, म्हणजे व्हॉल्व्ह बंद करून त्याला लाल चिठ्ठी बांधायची. हे एकजण करतो. मग दुसऱ्याने, पहिल्याला सोबत न घेता, एकट्याने जाऊन तोच व्हॉल्व्ह हाताने चाचपायचा आणि कागदावर दुसरी सही करायची. करणाऱ्याची सही वेगळी, मागून पाहणाऱ्याची वेगळी. दुसरी सही झाल्याशिवाय फिटरने पाना लावायचा नाही.

यासीन नवा होता तेव्हा एकदा नियमाप्रमाणे निघाला. अण्णा जिन्यातच भेटले.

"कुटं निगालास रं?"

"व्हॉल्व्ह बघून येतो, अण्णा."

"मी बंद केलाय न्हवं? माज्या मागनं बघाया निगालास व्हय? मग मला कशाला धाडलं, तूच जायाचं हुतंस."

पाळीतले सगळे हसले. आपल्याकडचाच एकजण म्हणाला, "सुनंनं थापलेली भाकरी सासूनं उलटून बघावी, तसं झालं की गड्या. हितं तर सूनच सासूची बघाया लागली." यासीन कानापर्यंत लाल झाला. मागे फिरला आणि खाली येऊन त्याने सही केली. वडीलधाऱ्याने केलेलं काम पुन्हा तपासायचं म्हणजे त्याला खोटं पाडायचं, ही गावाकडची रीत. दोघांनी ती गाठोड्यात बांधून तिकडे नेली होती. त्यानंतर यासीन बाकी सगळ्यांच्या मागून जायचा, अण्णांच्या मागून कधी गेला नाही. अण्णांना त्याचं बरं वाटायचं. पोरगा मान ठेवतो, असं ते गावी बायकोला, शालूबाईंना, पत्रातून कळवायचे.

दोन हजार नऊच्या मार्चमध्ये अण्णांनी चिठ्ठी चुकीच्या व्हॉल्व्हला बांधली. दोन पंप, दोन सारख्या नळ्या, मध्ये हातभर अंतर. बंद करायचा होता दुसरा, बंद केला पहिला. यासीनने बसल्या जागी सही केली. जयराज नावाचा माण तालुक्यातला कंत्राटी फिटर होता. त्याने जोड सैल केला आणि कोंडलेली वाफ त्याच्या दोन्ही हातांवर आली. तो वाचला. बोटं मात्र एकमेकांना चिकटली ती कायमची.

चौकशी बसली. अण्णांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. यासीनने समितीला सांगितलं की, अण्णांनी चिठ्ठी बरोबर जागी बांधली होती. मी मागून गेलो, मला ती चुकलेली वाटली आणि मी बंद व्हॉल्व्ह उघडून, शेजारचा बंद करून, चिठ्ठी तिकडे हलवली. जिथे तो गेलाच नव्हता, तिथे जाऊन चूक करून आल्याचं त्याने लिहून दिलं. मग अण्णांना आत बोलावलं.

"चिठ्ठी तुम्ही कुठल्या व्हॉल्व्हला बांधली होती?"

"बरोबरच्या," अण्णा म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांनी यासीनला काही विचारलं नाही. यासीननेही काही सांगितलं नाही. जुलैमध्ये गळ्यात हार घालून अण्णा मेढ्याला परत आले. यासीनची बढती सहा वर्षं अडली.

पण तो नेटाने परीक्षा देत राहिला. तंत्रज्ञाचा इंजिनिअर झाला, मग पाळीप्रमुख. आणि गेल्या वर्षी जानेवारीत त्याला पाचगणीला पाठवलं. अणुऊर्जा क्षेत्रातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचं पाच दिवसांचं नेतृत्व प्रशिक्षण होतं. देशभरातून बारा जण, आणि पुढे केंद्राचे प्रमुख निवडायचे ते त्यांच्यातून. खालून वर आलेला त्यांच्यात यासीन एकटाच. एक्कावन्न वय, पुढच्या निवडीला तो वयात बसणार नव्हता. व्हायचं ते या वेळी.

वर्ग घेणाऱ्या क्रांती मॅडमना एका सत्रासाठी जुन्या पिढीतला ऑपरेटर हवा होता. मेढ्याला फोन आला. "यासीन सरांनी तुमचं नाव सुचवलं," त्या म्हणाल्या.

अण्णांनी हो म्हटलं आणि दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

"तुमी काय बोलणार तितं?" शालूबाई म्हणाल्या. "घरातलं मीठ संपलं तरी तुमाला मागाया जड जातं." पण त्यांनी सदरा इस्त्री करून ठेवला. अण्णांनी एका कागदावर सहा ओळी लिहिल्या. पाचवी ओळ होती: चिठ्ठी मी चुकवली, यासीन मागून आलाच नव्हता.

पाचगणीच्या त्या हॉलला एका बाजूने नुसती काच होती. खाली कृष्णेचं खोरं दिसत होतं. अण्णांना मागच्या खुर्चीवर बसवून हातात चहा दिला. सत्र असं होतं की, प्रत्येकाने आपली सगळ्यात मोठी चूक सांगायची. बाकीच्यांनी त्याचा खरेपणा जोखून कागदावर लिहायचं आणि ते कागद निवड समितीकडे जायचे.

यासीनची पाळी आली. फाईलमध्ये होतं तेच त्याने सांगितलं.

क्रांती मॅडमनी विचारलं, "चिठ्ठी बरोबर असताना तुम्हाला ती चुकीची का वाटली? समोर उभं राहून नेमकं काय बघितलंत?"

एक खोटं यासीनने पंधरा वर्षं सांभाळलं होतं, पण त्याला दुसरं जोडणं जमेना. त्याने कान खाजवला. "आठवत नाही, मॅडम."

"माणसाचे हात गेले, आणि आठवत नाही?"

शेजारचा एक अधिकारी समजुतीने म्हणाला, "शिकलगार, इथे तरी मोकळं बोला. आपलीच माणसं आहेत."

"आठवत नाही," यासीन पुन्हा म्हणाला. अकरा पेनं कागदावर चालू लागली.

"आकारामकाका," मॅडम मागे वळल्या, "तुम्ही होतात ना त्या पाळीत? तुम्हाला काय आठवतं?"

अण्णा उठले. कागद हातात होता. यासीनने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं आणि मग तो पेल्यात पाणी ओतू लागला. ते पाहणं अण्णांना आजही कळलेलं नाही. सांगा असं होतं की सांगू नका असं. बाकीची सगळी माणसं त्यांच्याकडे मान वळवून बघत होती, त्यांच्या सदऱ्याकडे, त्यांच्या हातातल्या कागदाकडे.

"यासीन लय प्रामाणिक माणूस हाय," अण्णा म्हणाले. "आमच्या येळंला शिस्त लय हुती."

आणि खाली बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चहावर साय धरली होती.

मार्चमध्ये निवड झाली, तीत यासीन नव्हता. शेऱ्यात एकच ओळ होती: स्वतःच्या चुकीबद्दल मोकळेपणा नाही. हे अण्णांना तेव्हा कळलं नाही. त्यांनी फोन केला नाही, आणि यासीनचाही आला नाही. ऑगस्टमध्ये तो रजेवर तासगावला आला असताना सकाळी दाढी करता करता बसला, तो उठला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

अण्णा एसटीने तासगावला गेले. माती झाली होती. यासीनची बायको तरन्नुम दारात बसली होती, तीन मुली तिच्या मागे. शेऱ्याची ओळ तिनेच सांगितली. मग म्हणाली, "त्यानंतर रोज विचारायचे, मेढ्याहून अण्णांचा फोन आला होता का. मी म्हणायची, न्हाई. तुमचं काही काम होतं का त्यांच्याकडे?"

अण्णा चष्मा काढून पुसू लागले.

अंगणात एक माणूस उभा होता. दोन्ही हात पंज्याऐवजी पळीसारखे. जयराज. दरसाल यासीन त्याच्या गावी दहिवडीकडे जात असे, हे अण्णांना तिथे कळलं. "यायचा, दाराम्होरं बसायचा, माज्यामुळं झालं म्हणायचा," जयराज म्हणाला. "मी म्हणायचो, आता पुरं की भाई."

अण्णा त्याच्याजवळ गेले आणि पाचवी ओळ त्यांनी तिथे म्हटली. चिठ्ठी माझी चुकली होती. तो आलाच नव्हता मागनं.

"आता सांगताय?" जयराज म्हणाला, आणि फाटकाबाहेर निघून गेला.

घरी येऊन अण्णांनी तेच केंद्राच्या कार्यालयाला लिहून धाडलं. दीड महिन्याने दोन ओळींचं उत्तर आलं की, प्रकरण पूर्वीच निकाली निघालं आहे.

यासीनशी त्यांचं शेवटचं बोलणं झालं ते पाचगणीचं प्रशिक्षण संपलं त्या दुपारी. वाट वाकडी करून तो त्यांना गाडीने मेढ्याला सोडायला आला. गाडी केळघरचा घाट उतरू लागली. शालूबाईंसाठी घेतलेली स्ट्रॉबेरीची पेटी अण्णांच्या मांडीवर होती. कागद खिशात होता. आता बोलू, या वळणानंतर बोलू, असं करता करता मेढा आलं. अण्णा पेटी सांभाळत उतरले आणि कोपराने त्यांनी दार लोटलं.

"येतो, अण्णा."

"दार लागलं का रं?"

यासीन गाडी बंद करून उतरला, वळसा घालून या बाजूला आला आणि त्याने दाराची कड धरून ओढून पाहिली. दार उघडलं.

"लागलं न्हवतं, अण्णा."

"बरं झालं बघितलंस," अण्णा म्हणाले.