हॉलिस टॅडलॉकची हाळी

हॉलिस टॅडलॉकचा आवाज ब्रँडल गावात कुणाला ओळखावा लागत नाही. मंगळवारच्या जनावरांच्या बाजारात उभी हयात त्यानं लिलाव पुकारले. अंगानं काटकुळा, मान लांब, गळ्याची घाटी अशी वर-खाली व्हायची की नव्या माणसाचं लक्ष गाईवरून उडून त्या घाटीवरच जायचं. लाऊडस्पीकर बिघडला तरी बाजार थांबायचा नाही. बाहेर ट्रकमध्ये बसलेल्या माणसालाही कळायचं, काळी कालवड कितीवर गेली आणि कुणी घेतली.

बाजारातून निवृत्त झाला तरी आवाज काही निवृत्त झाला नाही. तो शनिवारी कॉलेजच्या मैदानावर यायचा.

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाला बगळे म्हणतात; फुटबॉल म्हणजे आमच्याकडचा, चेंडू हातात धरून पळायचा. कुणी नाव ठेवलं देव जाणे, पण अलाबामाच्या ह्या दलदलीच्या कोपऱ्यात वाघ-सिंहांपेक्षा बगळेच जास्त, त्यामुळं चालून गेलं. घरचा सामना असला की आम्ही पाचपंचवीस माणसं सकाळीच मैदानामागच्या ओकाच्या झाडाखाली तंबू ठोकतो. खुर्च्या मांडतो, डुकराचा खांदा धुरावर लावतो, शेंगा उकडत ठेवतो. मधोमध हॉलिसची लोखंडी काहील. तिच्यात मका, बटाटे, टोमॅटो, कोंबडी असा रस्सा दिवसभर रटरटतो. तो ढवळायचा मान हॉलिसचा. पण त्या ओकाखालचा कायदा त्याच्या बायकोचा, इमोजीनचा.

इमोजीन कॉलेजच्या धुलाईघरात कामाला होती. संघाचे कपडे तीच धुवायची. कुणाच्या गुडघ्याला रक्त येतं, कोण पडला की डाव्या अंगावरच पडतो, कोण सामन्याआधी ओकतो, सगळं तिला कपड्यांवरून कळायचं. तिनं एकदा सगळ्यांना दम भरला होता.

"कोचला शिव्या द्या, त्यो पगार घेतो. पंचांना द्या, त्यांना सवय हाय. पन ज्या पोराच्या चड्डीचा चिखल मी धुती, त्याचं नाव घिऊन ह्या झाडाखाली कुनी बोलायचं न्हाई. बोलला त्यानं काहील घासायची."

हरल्या दिवशी तळाला करपलेली ती काहील घासणं म्हणजे काय हे ज्यानं घासली त्यालाच ठाऊक. साबण लावायचा नाही, जाडं मीठ, गरम पाणी आणि गोणपाट. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे.

झाडाखाली कायदा होता, पण मैदानात हॉलिसला कोण आवरणार? तरुणपणी त्याची एक ठरलेली हाळी होती. आपल्यातल्या एखाद्या पोरानं चेंडू सांडला, घोळ घातला, की जरा शांतता व्हायची, आणि त्या शांततेत हॉलिस बाजारातल्या सुरात पुकारायचा, "ह्याची आय हाय का हितं? हाय का कुनी? असंल तर घिऊन जावा ह्याला घरला." बाकड्यांवरचा अख्खा जमाव हसायचा. लोक वाटच बघायचे. इमोजीन धुलाईघरात लागली तेव्हापासून तिनं त्यावर उपाय काढला. हॉलिसनं छाती भरून घेतली की ती त्याच्या तोंडात उकडलेली शेंग कोंबायची, टरफलासकट. तो चघळत बसायचा. तोवर वेळ निघून जायची.

इमोजीन गेली. तिची जागा हॉलिसनं सोडली नाही. दर हंगामाला दोन्ही तिकिटं घ्यायचा, शेजारच्या बाकड्यावर तिची निळी गादी ठेवायचा आणि एकटा बसायचा. शेंग कोंबायला कुणी नव्हतं. हाळी परत सुरू झाली. पहिल्यांदा ऐकू आली तेव्हा आम्हीही हसलो. जुनं काहीतरी परत आलंय असं वाटलं.

यंदा रीस ब्रॅशर नावाचा नवा किकर आला. खेळभर बाजूला उभं राहायचं, आणि वेळ आली की चेंडू लाथेनं उडवून दोन उंच खांबांमधून पलीकडं घालायचा, एवढंच किकरचं काम. घातला तर कुणी नाव विचारत नाही, चुकला तर गावभर त्याचंच नाव. रीसची आई ट्विला उत्तरेकडच्या डोंगरातली, शाळेच्या भटारखान्यात कामाला. पहाटे निघून एकटीच गाडी हाकत यायची. खेळाडूंच्या घरच्यांना मिळणारी जागा पार वरच्या कोपऱ्यात, जिथून पोरगं मुंगीएवढं दिसतं. पहिल्याच सामन्याला ती वाट चुकून आमच्या तंबूत आली, हातात केळ्याच्या पुडिंगची काचेची डिश. हॉलिसनं तिला रस्सा वाढला, पोरगं कोण ते विचारलं, आणि जरा वेळानं काहिलीत बघतच म्हणाला, "माझ्या शेजारी एक जागा मोकळी हाय. तिथनं खांब बरुबर समोर दिसत्यात."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. त्या गादीवर कुणी पर्ससुद्धा ठेवलेली त्याला खपायची नाही.

तेव्हापासून ट्विला तिथंच बसायला लागली. तिच्यासाठी ओकाखाली एक खुर्ची ठरली. हॉलिस तिला गाई ओळखायच्या खुणा सांगायचा, ती त्याला शाळेतल्या पोरांचे नखरे सांगायची. तो दाढी करून, अत्तर लावून यायला लागला. डूली मॅकनट, आमच्यातला तोंडाळ, त्याला डिवचायचा.

"काय म्हातारबा, अत्तर कुनासाठी?"

"डुकराचा वास जाया पायजे म्हनून."

"डुकराचा का तुझा?"

"तुझ्याजवळ बसल्यावर दोन्ही एकच की रं."

बगळे जिंकत होते. रीसचे चेंडू खांबांमधून जात होते. हाळीची वेळच आली नाही.

मग ऑक्टोबरातला तो शनिवार. त्या दिवशी जुने विद्यार्थी गावोगावून परततात. पाहुणा संघ मुद्दाम लहानसा बोलावतात, म्हणजे तो मार खाऊन जाईल आणि सगळे खुशीत घरी जातील. ते पाहुणे मार खायला तयार नव्हते. आमची पोरं चेंडू सांडत होती, कोच टोपी आपटत होता. शेवटी दोन गुण मागे असताना बगळे कसेबसे खांबांजवळ पोचले. वेळ संपत आलेली. चेंडू आत गेला की तीन गुण. एक लाथ, तीही जवळून. रीस मैदानात आला.

आपला गडी लाथ मारताना आमच्यात कुणी शिंकत नाही. सगळं मैदान गप्प. ट्विलानं डोळे मिटून घेतले होते. चेंडू उडाला, उजव्या खांबाला लागला, ठण्ण आवाज झाला आणि उलटा परत आला.

त्यानंतर जी शांतता झाली, तिच्यात हॉलिसची घाटी वर गेली. मी मागच्याच रांगेत होतो. त्यानं मुद्दाम काही केलं असं मला आजही वाटत नाही. बाजारात हात वर झाला की आकडा तोंडातून निघतो, तसं ते निघालं.

"ह्याची आय हाय का हितं? हाय का कुनी? असंल तर घिऊन जावा ह्याला घरला."

दोन-चार जण सवयीनं हसले. मग हसू मधेच तुटलं.

ट्विलानं डोळे उघडले. "हाय की, मिस्टर हॉलिस," ती म्हणाली. "हितंच हाय मी." मग उठली आणि लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत निघून गेली.

हॉलिस तोंड तसंच उघडं ठेवून बसला होता. जरा वेळानं त्यानं शेजारी हात फिरवला. गादी नव्हती. गडबडीत ट्विला ती उचलून घेऊन गेली होती.

तंबूत परतलो तेव्हा मयताच्या घरासारखं झालं होतं, फक्त मयताला शिव्या चालू होत्या. कुणी कोचला विहिरीत ढकलत होतं, कुणी पंचांचे डोळे तपासत होतं. ट्विलाची खुर्ची मोकळी होती, तिची पुडिंगची डिश टेबलावर तशीच होती. म्हणजे ती येणार. डिश आईची आहे असं तिनं सांगितलं होतं. हॉलिस रस्त्याकडं तोंड करून उभा होता. काहिलीतला रस्सा खाली लागला, वास आला, तरी त्याच्या हातातला पळा हलेना.

डूलीनं हॅट काढून आपटली. "त्या ब्रॅशरला आता भांडी घासाया बशिवला पायजे. माझी म्हातारी चपलेनं मारती तरी आत गेला असता चेंडू."

"काहील," मिस ओपल म्हणाल्या. त्या आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर, इमोजीनच्या धुलाईघरातल्या. "नाव घेतलंस डूली. घास आता."

"मी? आन् ह्यानं मघाशी अख्ख्या जिल्ह्याला ऐकवलं त्ये?"

"डूली, गप."

"का गप? मी झाडाखाली बोललो, पोराच्या कानावर तरी न्हाई गेलं. ह्येच्या हाळीनं तिकडं पोरगं जागच्या जागी थांबलं, मी बगितलं की. मान वळवून बगत हुतं, आपली आय खरंच आली का काय."

हॉलिसनं पळा खाली ठेवला. उरलेला रस्सा दुसऱ्या भांड्यात काढला, काहील विस्तवावरून उतरवली, तिच्यापुढं गुडघे टेकले. बाह्या वर सारल्या, मीठ ओतलं आणि गोणपाट घेऊन घासायला लागला. डूली पुढं झाला, "दे हिकडं, माझं काम हाय." हॉलिसनं कोपरानं त्याला बाजूला सारलं.

ट्विला आली तेव्हा तो असा होता. तिनं आधी डिश उचलली. मग काखेतली निळी गादी काढून त्याच्या खुर्चीवर ठेवली.

"चुकून आली माझ्यासंगं."

हॉलिस उठायला गेला, गुडघ्यानं साथ दिली नाही. तसाच खालून म्हणाला, "ऱ्हाऊ दे की तुमच्याकडं." आवाज एवढा बारीक की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं.

"न्हाई. म्होरल्या खेळाला मी वर कोपऱ्यात बसंन. आमच्या जागेवर."

"मी पुन्यांदा वरडनार न्हाई, ट्विला."

"तुम्ही न वरडला तरी मला ऐकूच येनार, मिस्टर हॉलिस. तुमच्याशेजारी बसून त्यो चेंडू कधी उडतोय ह्याची वाट आता माझ्यानं बगवनार न्हाई."

"पोरगं कसं हाय?"

"गाडीत हाय. टोपी डोळ्यांवर वढून बसलाय. लोक काचंवर थापा मारून जात्यात."

मिस ओपलनी एका वाडग्यात रस्सा भरून तिच्यासमोर धरला. "तो खानार न्हाई," ट्विला म्हणाली. तरी तिनं वाडगा घेतला. जाता जाता काहिलीत बघून म्हणाली, "कडंला राहिलंय अजून."

हॉलिस अंधार पडेस्तोवर कड घासत होता.

गाव आठवडाभर धुमसत राहिलं. पेट्रोलपंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर, न्हाव्याकडं तोच खांब, तोच चेंडू. कुणीतरी रीसच्या खोलीच्या दाराला लहान बाळाचं झबलं टांगून आलं, वर लिहिलं होतं, आई न्यायला येतेय. ते ऐकलं तेव्हा हॉलिस न्हाव्याच्या खुर्चीत होता. अर्धी दाढी तशीच ठेवून उठला आणि घरी गेला. त्याची गंमत त्याच्या हातातून सुटून गावात फिरत होती, आणि ती परत बोलवायला त्याच्याजवळ तेवढा मोठा आवाज नव्हता.

पुढच्या घरच्या सामन्यांना तो आला. ट्विलाची खुर्ची स्वतः उघडायचा, संध्याकाळी स्वतः मिटवायचा. मैदानात गादी शेजारी ठेवायचा. रीस लाथ मारायला आला की खिशातली शेंग काढून स्वतःच्या तोंडात टाकायचा आणि दात आवळून बसायचा. रीस कधी घालायचा, कधी चुकायचा. चुकला की आजूबाजूचे सवयीनं हॉलिसकडं वळून बघायचे. तो त्यांच्याकडं बघायचा नाही.

हंगामाच्या शेवटच्या सामन्याला मिस ओपल ट्विलाची काचेची डिश घेऊन तंबूत आल्या. केळ्याचं पुडिंग, वर बिस्किटं. "फाटकापाशी दिली तिनं. म्हनली, खावा सगळ्यांनी. सवतः आत येत न्हाई म्हनली."

सगळ्यांनी खाल्लं. हॉलिसनं नाही. त्यानं डिश गरम पाण्यानं धुतली, शर्टानं पुसली. कुणाची डिश आमच्यात रिकामी परत जात नाही. त्यानं ती उकडलेल्या शेंगांनी भरली, वर फडकं बांधलं.

खेळ अर्ध्यावर आला तेव्हा आम्हाला दिसलं, हॉलिस जागेवर नाही. तो पायऱ्या चढत होता. त्या गुडघ्यांनी, दोन्ही हातांत डिश, कठड्याला धरायची सोय नाही. चार पायऱ्या, थांबायचं, पुन्हा चार. तेवढ्यात खाली रीस लाथ मारायला आला आणि मैदान गप्प झालं. हॉलिस होता तिथं थांबला. मैदानाकडं पाठ, मान खाली. वळून बघितलं नाही. चेंडू गेला, लोक ओरडले, तेव्हा आम्हाला कळलं की आत गेला. त्यालाही ओरडण्यावरूनच कळलं असणार. तो पुन्हा चढायला लागला.

वर कोपऱ्यात पोचला तेव्हा पार लहान दिसत होता. ट्विलानं डिश घेतली, मांडीवर ठेवली. बसायला सांगितलं की नाही, कळलं नाही. तो जरा वेळ उभा राहिला, मग तिच्या बाकड्याशेजारच्या पायरीवरच टेकला. तिच्याकडं तोंड करून तो काहीतरी बोलत होता. बराच वेळ बोलत होता, घाटी हलताना एवढ्या लांबूनही दिसत होती.

आयुष्यात पहिल्यांदा हॉलिस टॅडलॉक काय म्हणतोय ते आमच्यातल्या कुणालाच ऐकू आलं नाही.