आकाशाला टेकलेलं डोकं

अतिशयोक्ती म्हणजे परदेशात, क्वेकर्स हिलला राहणाऱ्या डॉक्टर नीरजाची माहेरची इस्टेट. ट्रेन पाच मिनिटं लेट झाली, तरी तिची युगं लोटायची. इंग्रजीतही तेच; हॉस्पिटलातले लोक हसायचे.

कोविड वॉर्डात बऱ्या झालेल्या एका उझबेक आजींचा ऑक्सिजन काढला. व्हिडिओ कॉलवर नातीने आजींचे शब्द इंग्रजीत सांगितले, "माझं डोकं आकाशाला टेकलं."

डॉक्टर ग्रेगच्या कपाळावर आठ्या चढल्या. "भ्रम झालाय. स्कॅन करू या."

"काही नको, मेट!" नीरजा म्हणाली. "आजी खूश आहेत. आमच्याकडे आनंदाने आभाळ ठेंगणं होतं!"

नातीने हसून मान डोलावली.

"नॉट बॅड," ग्रेग मास्कमधून पुटपुटला.

ग्रेगच्या तोंडी याहून मोठी स्तुती नाही, हे नीरजा जाणून होती. तिचंही डोकं आकाशाला टेकलं.