दूरच्या विहिरीची घागर

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर काही वर्षांनी माझी बदली पांढरकवड्याला झाली. जात कळली की आम्हाला खोली द्यायला कोणी तयार होईना. शेवटी एका मालकांनी दिली, वर आपल्या आवारातल्या विहिरीवर पाणीही भरू दिलं. त्यासाठी शेजाऱ्यांची बोलणी खाल्ली. त्या उपकाराखाली मी असा वाकलो, की त्यांच्यासमोर माझा आवाजच निघत नसे.

बायको झरी जामणीकडच्या रानात, शेतात वाढलेली. इथे एक खोली, दारात विहीर, कोपऱ्यावर पिठाची गिरणी. वर्षभरात तिचे गुडघे धरले. डॉक्टर म्हणाले, "औषध कमी, चालणं जास्त." पण बाईमाणसाने नुसतं फिरायला निघायचं, तेही नवऱ्यासोबत, हे आमच्यात कोणी पाहिलेलं नव्हतं. मग तिनेच युक्ती काढली. रिकामी घागर कमरेवर घेतली. घागर असली की बाईला कुठे चाललीस म्हणून कोणी विचारत नाही.

रोज संध्याकाळी आम्ही गावाबाहेरच्या सरकारी विहिरीकडे निघायचो. मी पुढे, मधे आमची पोरगी, मागे ती. घरं संपली की पोरगी ओरडायची, "माय, पळ!" बायको घागर माझ्या हातात द्यायची, पदर खोचायची आणि खरंच पळायची.

"तुमी बी पळा ना! कचेरीत बसून पोट सुटून राह्यलं तुमचं!"

घागर सांभाळत मीही पळायचो. येताना दाखवण्यापुरतं पाणी आणायचो.

एका संध्याकाळी परतलो, तर मालक ओट्यावर उभे.

"बाबूजी, माह्या हिरीत काही मेलं का?"

"नाही, मालक."

"मंग इतक्या दूर कायले जाता? लोक म्हून राह्यले, यानं खोली देल्ली, पण पाण्याले हात लावू देत नाही. म्या कवा अडवलं तुमाले?"

एवढंच सांगायचं होतं, की हिचे गुडघे धरलेत, आम्ही फिरायला जातो. पण बायकोला घेऊन हवा खाणारा बाबू म्हणून कचेरीत हसतील, याची मला लाज वाटली. आणि आता ते ऐकतील का, खोली जाईल का, ही भीती.

"चुकलं आमचं," मी म्हणालो. "उद्यापासून नाही जाणार."

ती माझ्या मागेच उभी होती.

दुसऱ्या दिवशी तिने आवारातल्या विहिरीवर, सगळ्यांना दिसेल अशी, घागर भरली. मालकांचा चेहरा खुलला. पोरीने माझा हात ओढला. "बा, चाल ना." मी पेपर तोंडासमोर धरला.

त्यानंतर ती खोलीतच चालायची. चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत. पेपराआडून मला तिची ओढत टाकलेली पावलं ऐकू यायची. बाहेर ओट्यावर मालक सुपारी कातरत बसलेले असायचे. दाराशी येऊन ती जरा थांबायची, मी उठतो का, त्यांच्याशी बोलतो का, हे बघायला. मग वळायची.